लांजेवार मॅडमचा पाच वाजताचा फोन

लांजेवार मॅडमनी एकदा आमच्या समता कॉलोनीत चालू वरातीतला धुमाल थांबवला होता. ज्यांनी रायपूरचा धुमाल ऐकलेला नाही, त्यांना यातला पराक्रम कळायचा नाही. गाडीवर रचलेले ढोल आणि भोंगे सुरू झाले की कपाटातली भांडी आपोआप वाजतात. मॅडम फाटकाशी आल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि "शूऽऽ" म्हणाल्या. धुमाल बंद! घोडीवरच्या नवरदेवानेसुद्धा मान खाली घातली. वाजवणाऱ्यांपैकी दोघे त्यांच्याच कॉलेजात शिकलेले होते, हे मागाहून कळलं.

मॅडम म्हणजे कुसुम लांजेवार, आमच्या शेजारीण. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न केलं नाही. वडील रेल्वेत होते, ते गेल्यापासून घरात एकट्याच. जन्मभर पोरांना गप्प केल्यामुळे स्वतःही कुजबुजतच बोलायच्या. माझी बायको एकदा वाटीभर साखर मागायला गेली, तर साखरेबरोबर तारीखही मिळाली. "सोमवारी परत, वहिनी. वाटी धुऊन." सोमवारी राहून गेलं, तर मंगळवारी सकाळी मॅडम दारात उभ्या. "उशीर झाला. दंड भरा." दंड म्हणून आमच्या झाडाची लिंबं घेऊन गेल्या.

मग कोरोना आला, कॉलेजला कुलूप लागलं आणि वर्ग मोबाइलवर गेले. माझं नव्या रायपूरचं ऑफिसही बंद होतं, त्यामुळे मी गॅलरीत बसून गल्लीवर नजर ठेवायचं काम मन लावून करत होतो. एका दुपारी मॅडमनी खालून हाक मारली.

"भाऊ, फोनवर चार-पाच पोट्ट्या एकाच वेळी घेता येतात काय?"

"येतात की. पण काहून?"

"पुस्तक वाचून दाखवायचं आहे."

झालं होतं असं. बीरगांवची खिलेश्वरी नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी फोन करून पुस्तक मागत होती. तिचे वडील सिलतऱ्याच्या कारखान्यात. घरातला मोठा फोन त्यांच्या खिशात जायचा, मागे राहायचा तो बटणांचा. त्यावर ना व्हिडिओ, ना नोट्स. तिच्यासारख्या आणखी तिघी होत्या. आयुष्यात लायब्ररीचं एक पान घरी न आणलेल्या मॅडम प्राचार्यांची परवानगी काढून पिशवीभर पुस्तकं घरी घेऊन आल्या. मी त्यांना कॉन्फरन्स लावायला शिकवली आणि रोज पाच वाजता वाचन सुरू झालं.

पहिल्या दिवशी मोठीच पंचाईत झाली. मॅडम सवयीने कुजबुजत वाचत होत्या आणि पलीकडून चौघी एकसुरात ओरडत होत्या, "मैडम, थोड़ा जोर से!" मॅडमनी घसा खाकरला. आवाज चढवला. आणखी चढवला. आठवडाभरात आवाज इतका सुटला, की संघराज्य म्हणजे काय ते आमच्या भाजीवाल्यालाही समजलं. तो हातगाडी त्यांच्या फाटकाशी लावून मूलभूत अधिकार ऐकत उभा राहायचा, आणि तोवर माझी बायको त्याची भेंडी निवडून घ्यायची. शेवटी समोरचे गुप्ताजी वैतागून खिडकीत आले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. लांजेवार मॅडमना! गल्लीने श्वास रोखला. मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भैया, क्लास चल रही है. आप भी बैठ जाइए." गुप्ताजी खरंच बसले.

पण मॅडम पडल्या ग्रंथपाल. दिलेलं परत आल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. धडा वाचून झाला की दुसऱ्या दिवशी मुलींनी तो आपल्या शब्दांत सांगायचा. त्याला त्या 'जमा करणं' म्हणायच्या. "चलो, कल का जमा करो." ज्या मुलीचा धडा राहिला, तिच्या नावावर तो बाकी. "तुमची गंमत चालली आहे," मी म्हटलं. "गंमत कशाची? शिस्त आहे," मॅडम म्हणाल्या, पण गालातल्या गालात हसल्या.

पुढे खिलेश्वरीची आई तापाने पडली. घरचं सगळं पोरीवर आलं आणि ती पाच वाजता फोन उचलेनाशी झाली. मॅडम चौघींऐवजी तिघींना वाचून दाखवत होत्या, पण मधेच थांबून विचारायच्या, "खिलेश्वरी आ गई क्या?"

त्या वर्षीची परीक्षा घरी बसून लिहायची होती. कॉलेजातून कोऱ्या उत्तरपत्रिका न्यायच्या आणि लिहून आणून द्यायच्या. न्यायचा शेवटचा दिवस उद्यावर आला, त्या संध्याकाळी मी मॅडमकडेच बसलो होतो; एक मुलगी फोनवर म्हणाली, "मैडम, खिलेश्वरी पेपर नहीं देगी. उसकी तीन किताब बाकी है न."

"तीन किताब? मी कुठं दिल्या तिले किताबी?" मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. आणि मग मटकन खुर्चीत बसल्या. आमच्याकडच्या कॉलेजांत लायब्ररीचं पुस्तक बाकी असलं की नो-ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मिळत नाही, आणि नो-ड्यूज नाही तर परीक्षा नाही. पोरीचे तीन धडे जमा करायचे राहिले होते. तिने मॅडमचा शब्द खरा मानला होता.

"भाऊ, स्कूटर काढा."

तोंडाला दोन-दोन मास्क बांधून आम्ही बीरगांवला पोचलो. खिलेश्वरी अंगणात भांडी घासत होती. मॅडमना बघून तिचा चेहराच उतरला. वसुलीला आल्या असंच तिला वाटलं असणार.

"मैडम, माँ बीमार थी, तो जमा नहीं कर पाई. अब तो मैंने उरला की फैक्टरी में पैकिंग का काम भी पूछ लिया है. अगले साल देखूँगी."

"अगले साल काहून?" मॅडम हिंदी विसरल्या. "अगं, तो नियम माझ्या मनचा आहे! कुछ बाकी नहीं है बेटा. सब माफ. तीन का, तेरा का, सब माफ!"

आमची लिंबंसुद्धा न सोडणाऱ्या मॅडम भर अंगणात माफी वाटत होत्या. मला हसू आलं. दारात खाटेवर बसलेली आई म्हणाली, "मैं अब ठीक हँव, मैडम. ये जाही." पोरगी परीक्षेला जाणार, असं ती छत्तीसगढीत सांगत होती.

"कल उत्तरपत्रिका लाएगी न?" मॅडमनी विचारलं.

"हव, मैडम."

"और फोन उठाया कर गं. पाच वाजता तुझा आवाज नाही आला की घर खायला उठतं मले."

हे कुजबुजत म्हटलं होतं. पोरीला मराठी किती समजलं कोण जाणे, पण तिने ओल्या हातांनीच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वडील तिला सायकलवर घेऊन कॉलेजात गेले. तिने सगळे पेपर लिहिले आणि पासही झाली. निकाल लागला त्याच दिवशी पुस्तकं लायब्ररीत परत गेली. त्या संध्याकाळी पेढे द्यायला मी मॅडमकडे गेलो, तर त्या फोनसमोर हात बांधून बसलेल्या. "सवय लागली हो," म्हणाल्या. "आता कोण कशाले फोन करते?"

मी काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. खिलेश्वरी होती; मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

"मैडम, आज मैं पढ़ती हूँ. आप सुनिए."

तिच्याजवळ दुसरं कोणतं पुस्तक असणार? धाकट्या बहिणीचं सहावीचं हिंदी घेऊन बसली होती. कुठल्याशा माकडाची गोष्ट, तीही अडखळत, मधूनमधून खोकणाऱ्या आईला पाणी देत. मॅडमनी एकदाही टोकलं नाही. गालाला हात लावून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. पेढा हातात तसाच.

बराच वेळ झाला तरी गोष्ट चालूच होती. मी जायला उठलो, तर त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा न, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले आजवर कोणी वाचून दाखवलंच नव्हतं."

मी परत बसलो.