दत्तूमामांच्या खिडक्या

सोनारीच्या बंधाऱ्याचं काम कॉम्प्युटरवर उघडायचं असलं की दत्तूमामा आधी पायातल्या चपला काढतात. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "काळभैरवाच्या गावात चपला घालून शिरायचं व्हय, ताई?" बंधारा देवळापासून चांगला लांब आहे आणि कॉम्प्युटर तर धाराशिवला. पण मामांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमची संस्था जिल्ह्यात बंधारे, शेततळी, तलावातला गाळ काढणं अशी कामं करते. मामा गावोगाव देखरेख करत फिरतात, मी ऑफिसात बसते. सगळी कामं एका सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि एकच काम यादी, तक्ता, कॅलेंडर असं हवं तसं मांडून बघता येतं. सॉफ्टवेअर त्याला व्ह्यू म्हणतं, मामा खिडकी म्हणतात. मामा दहावी नापास, त्यात ही सोय सापडली म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच.

ईट गावच्या शेततळ्यांची खिडकी त्यांनी तारखा काढून पेरणी, कोळपणी, काढणी अशा रकान्यांत मांडली. का, तर "काढणीत ईटचा माणूस देवालाबी भेटत न्हाय." सोनारीच्या कॅलेंडरात आधी यात्रा आणि अमावास्या, उरलेल्या जागेत सिमेंट. एका गावात सरपंच-उपसरपंचांचं बोलणं बंद, म्हणून एकाच तलावाला दोन खिडक्या, ज्याच्या त्याच्या खिडकीत त्याचंच नाव वर. "काम तेच हाय की, बघणारा बदलला," हे मामांचं पालुपद. मी कपाळाला हात लावायचे. पण खरं सांगते, मामांची कामं वेळेत व्हायची आणि माझे नीटनेटके तक्ते बघायला कुणी फिरकायचं नाही.

गेल्या महिन्यात वरून फर्मान आलं. वापरात नसलेल्या खिडक्या सोमवारपर्यंत काढून टाका. मी मनातून खूश झाले. मामा सोनारीहून आले, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेका खिडकीसाठी भांडले. सरपंचांची गेली, उपसरपंचांचीही गेली.

यादीच्या तळाशी एक खिडकी निघाली, नाव "अक्का". उघडली तर आत एक अक्षर नाही, नुसता एक मोठा पिवळा चौकोन. ज्या फोनसाठी ती केली होती, त्या फोनवर ती आठ महिने उघडलीच नव्हती.

"ही काढते," मी म्हणाले.

मामांनी माउसवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या ती."

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. आठ महिन्यांपूर्वी ती वारली तेव्हा आम्ही सगळे मामांच्या गावी, तेरला गेलो होतो.

"आई गेल्यावर तिनंच सांभाळलं मला," मामा म्हणाले. "म्या लग्न केलं न्हाय, ती सासरहून परत आल्याली. घरात दोघंच. तिला वाचाय येत नव्हतं, मग रंग केले. पिवळा म्हंजे म्या सोनारीला, हिरवा म्हंजे ईटला. लाल झाला की म्या तेरच्या गाडीत बसलो. मग ती तवा ठिवायची."

मी त्या चौकोनाच्या नोंदी उघडल्या. काल संध्याकाळी पावणेसहाला लाल. परवाही लाल. आठ महिन्यांत एकही संध्याकाळ चुकलेली नव्हती.

"मामा, तुम्ही अजून रोज..."

"सवय हो," ते खाली बघत म्हणाले. "न्हाय केला तर गाडीत बसल्यासारखंच वाटत न्हाय."

मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी बसून मी त्याच्या चपलांवर हसत होते.

नियम म्हणजे नियम. जी खिडकी कुणी बघत नाही ती काढायची. म्हणून ती मी माझ्या फोनवर घेतली. आता रोज पावणेसहाच्या सुमाराला मी ती उघडते. चौकोन लाल होतो. मी काही भाकरी टाकत नाही, पण मामा गाडीत बसले हे कुणाला तरी कळलेलं असतं.