नांदायला गेलेली स्क्रिप्ट

नगरपालिकेच्या जुन्या संगणकावरची पाणी सोडणारी स्क्रिप्ट नव्या संगणकावर नांदायला गेली आणि आठवड्याच्या आत माहेरी परत आली.

नगरपालिकेतल्या पद्मजा धुमाळ यांनी ती आज्ञावली स्वतः लिहिली होती. पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह उघडून वरच्या आळीला पाणी सोडायचं, एवढंच तिचं काम. जुना संगणक सोमवारी भंगारात जाणार होता. त्यानंतर स्क्रिप्टला घर नव्हतं आणि वरच्या आळीला पाणी नव्हतं.

पाठोपाठ नव्या संगणकाकडच्या कांचनबाई मिराशी आल्या. बसल्याही नाहीत.

"खोटं कूळ सांगितलंत, विहीणबाई. पहिल्या ओळीत बोली लिहिली 'एसएच', आणि वागणं सगळं 'बॅश' बोलीचं!"

"आमच्याकडे दोघं एकच समजतात."

"आमच्याकडे नाही. काही छापायला 'एको' म्हणताना ओळ मोडू नये म्हणून ही पुढे 'वजा एन' लावते. चार माणसांसमोर तो 'वजा एन' तसाच छापला गेला! 'सेड'ने फाइल बदलायची तर जुनीची प्रत कोणत्या नावाने ठेवायची ते आधी सांगायचं, ही आमची रीत. हिने सरळ हात घातला. वळण म्हणून नाही पोरीला!"

पद्मजाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"माझं वळण काढता? रीती दारावर लिहून ठेवा की!"

"शहाण्या सुना विचारून घेतात."

त्या गेल्यावर पद्मजाबाई कळफलक बडवत बसल्या. 'एको' काढून 'प्रिंटएफ' घातलं. 'सेड'ला वेगळ्या फाइलीत लिहून मग नाव बदलायला लावलं. बॅशच्या लकबी एकेक करून उपटल्या. कुठल्याही घरी चालेल तेवढंच ठेवलं.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण माझं असं काय उरलं?" स्क्रिप्ट म्हणाली.

पद्मजाबाईंनी उत्तरादाखल आणखी एक ओळ खोडली.

रविवारी कांचनबाईंनी तिला उलटसुलट तपासलं. "आता कशी! कुठल्याही घरी नांदेल."

"मग तुमच्याच का?" स्क्रिप्टने विचारलं.

सोमवारी पहाटे ती नव्या संगणकाच्या खोलीपर्यंत गेली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. कांचनबाई हात जोडून म्हणाल्या, "आत या ना."

"इथून व्हॉल्व्हला ऐकू येतंय ना? मग झालं."

तिने बाहेरूनच व्हॉल्व्ह उघडला. वरच्या आळीत पाणी आलं, ते इतक्या जोराने की नळाखालच्या बादल्या आडव्या झाल्या.