हत्तीच्या पुस्तकातलं माकड

वाचनात मला कोणी हरवून दाखवावं! शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी चिवड्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. त्यामुळे, लहान मुलं वाचायला कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या रितिका मॅडम सक्करदऱ्यातल्या आमच्या अंगणवाडीत येणार म्हटल्यावर मी छातीठोक सांगून टाकलं, "माझी सगळी पोरं वाचतात!"

वाचतात म्हणजे काय, तर आमच्याकडे पुस्तक एकच. माकडाच्या संत्र्याचं. आठवडाभर तेच घोकून घेतलं. पुस्तक मिटलेलं असलं तरी पोरं कुकरच्या शिट्टीसारखी सुटत!

धास्ती फक्त गुंजनची. दिवाळीत तिची आई गेली, तेव्हापासून ही पाच वर्षांची पोर एक शब्द बोलली नव्हती. तिला हजेरीची जुनी वही दिली आणि खिचडीच्या पातेल्यामागे बसवलं. निकाल बिघडायला नको!

मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यात अक्षरच नाही! नुसती चित्रं. तळ्यात डुंबणारा हत्ती.

"काय दिसतं, सांग बरं?"

पुढे बसलेला प्रशिक ताठ उभा राहिला. "माकडानं संत्रं सोललं!"

"आणि हे काय?" मॅडमनी सोंडेवर बोट ठेवलं.

"माकड!" अख्खा वर्ग गरजला.

"काहून वं बाई," मदतनीस सिंधूताई पदरात हसत म्हणाल्या, "हत्तीले माकड बनवून राहिली का?"

मी तोंड लपवायला जागा शोधत होते, तेवढ्यात पातेल्यामागून बारीक आवाज आला.

गुंजन वही उलटी धरून, बोट फिरवत, थेट तिच्या आईच्या सुरात वाचत होती. "ऊठ वं गुंजन. ये, वेणी घालून देतो. रडू नको. दवाखान्यातून लवकर येतो मी..."

बोट थांबलं. तिनं वही माझ्यापुढे केली. "पुढचं तुमी वाचा."

सिंधूताई उगाच खिचडी ढवळू लागल्या. मी वही घेतली, उलटीच. घसा खाकरला. आणि तोंडातून काय निघावं?

"माकडानं... संत्रं सोललं."

गुंजननं वही हळूच काढून घेतली.

"राहू द्या बाई. तुमालेबी नाही येत."