चांदी हरिणीची सावधपाटी

एका जंगलात, बाळांनो, चांदी नावाची एक हरिणी राहायची. लहानपणी शेजारच्या झाडावर वीज पडली आणि तेव्हापासून तिला ऐकू येईनासं झालं. बाकी ती धडधाकट होती. बोलायची, हसायची, समोरच्याच्या ओठांवरून निम्मंअर्धं ओळखायची. आणि तिचं नाक असं तिखट, की कळपात कोवळं गवत सगळ्यांत आधी तिलाच सापडायचं.

त्या जंगलात वाघही होता. वाघ दिसला की उंच झाडावर बसलेले हुप्पाजी वानर खोकल्यासारखे ओरडायचे, "खॉक! खॉक!" की सगळे पळायचे. चांदीला ते कळायचं नाही. मग तिची जाऊबाई तिला ढुशी मारायची. चांदी पळायची.

पुढे चांदीला पाडस झालं आणि तिच्या जिवाला घोर लागला. जाऊबाई दर वेळी शेजारी थोडीच असणार? एके सकाळी ती हुप्पाजींच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"हुप्पाजी, ओरडताना जरा फांदीपण हलवाल का? मला दिसेल."

"एवढंच ना? हलवतो की," हुप्पाजी म्हणाले.

बाळांनो, गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण तेवढ्यात खालून कोल्हा चालला होता.

कोल्हा जंगल पंचायतीत समन्वयक होता. दोघं एकमेकांशी नीट बोलत असतील, तर त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहतो त्याला समन्वयक म्हणतात.

"फांदी काय हलवता?" कोल्हा म्हणाला. "वहिनी, हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही. हा सुगम्यतेचा प्रश्न आहे!"

'सुगम्यता' हा शब्द चांदीला ओठांवरून ओळखता आला नाही. तिला वाटलं, हा आपल्याला सुगरण म्हणतोय. तिने लाजून मान डोलावली. ती मान पुढे प्रत्येक कागदावर तिची संमती म्हणून लागली.

पंचायत भरली. अध्यक्ष हत्ती होते. ते गहिवरून म्हणाले, "आपल्या जंगलात एकही जीव मागे राहता कामा नये!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं असं, की झाडाझाडावर एक सावधपाटी लावायची. चकचकीत पाटी, आत काजवे. वाघ आला की पाटी सांगणार. पाटी कशी दिसावी हे ठरवायचं काम मोराकडे गेलं. सुंदर काय असतं हे मोराला पक्कं ठाऊक होतं, कारण तो रोज तळ्यात ते बघायचा.

बैठका सुरू झाल्या. चांदीला मानाने पहिल्या रांगेत बसवायचे. कोल्हा बोलायचा तो हत्तींकडे तोंड करून, म्हणजे चांदीकडे पाठ करून. मोर पिसाऱ्याआडून बोलायचा. हत्तींच्या तोंडापुढे सोंड असायची. चांदी प्रत्येक बैठकीला यायची आणि काहीच न कळता घरी जायची.

एकदा मात्र, जाऊबाईकडून पाटीचं समजल्यावर, तिने खूर वर केला. "वाघ आला की पाटी लाल करा," ती म्हणाली.

मोराने पिसारा बाजूला सारून मान वेळावली. "लाल? छे. लाल फार ओरडतो."

"मग ओरडायलाच पाहिजे ना?"

"आम्ही फिका हिरवा घेतलाय. धोका असला, की तो किंचित अधिक फिका होईल. पानांमध्ये असा सुरेख मिसळतो म्हणून सांगू!"

मग कोणीतरी शंका काढली, की वाघानेच पाटी वापरली तर? सगळे घाबरले. त्यावर तोड निघाली. पाटी उघडण्याआधी प्रत्येकाने आपण वाघ नाही हे सिद्ध करायचं. नऊ चौकोनांत नऊ चित्रं दिसतील. त्यातल्या ज्यांत वाघ आहे तेवढी निवडायची.

पाट्या ठोकायचं काम सुतारपक्ष्याचं. किती उंचीवर ठोकायच्या हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उद्घाटन हत्तींच्या हस्ते होतं, म्हणून त्याने पाट्या हत्तींच्या डोळ्यांसमोर येतील अशा ठोकल्या. सशांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना उड्या मारायचं प्रशिक्षण देण्यात आलं. हरणांना मागच्या पायांवर उभं राहावं लागायचं. दर पाटीशी रांग लागायला लागली.

उद्घाटनाच्या दिवशी हुप्पाजींना नारळ दिला. "आता ओरडायचं नाही," कोल्हा म्हणाला. "दोन यंत्रणा असल्या, की वापरणारे गोंधळतात."

"आणि फांदी?"

"फांदीही नाही. वाघ दिसला, की पाटीवर नोंद करायची."

पाटीच्या वर चांदीचं मोठं चित्र लावलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आता चांदीलाही ऐकू येतं!'

"अहो, मला ऐकू येत नाही," चांदी म्हणाली.

"ते भावार्थाने घ्यायचं, वहिनी."

मग एके दुपारी वाघ आला.

हुप्पाजींनी त्याला दुरूनच पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, नियम आठवला आणि मिटलं. त्यांनी मुकाट्याने नोंद केली. जंगलभरच्या पाट्या फिक्या हिरव्याच्या अधिक फिक्या हिरव्या झाल्या. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

चांदीचा कळप तेव्हा वाघ आलाय का हे बघायला पाटीच्या रांगेत उभा होता. सगळ्यांत पुढे तिचे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईचे यजमान, दौलतराव. कळपाचे म्होरके, नियमाला पक्के. मागच्या पायांवर उभं राहून ते चित्रं निवडत होते. पहिल्याच चित्रातला वाघ बघून दोन हरणं मूर्च्छा येऊन पडली होती. ती नुकतीच उठून अंग झटकत होती. जाऊबाई मान उंचावून बघत होती. चांदीचं पाडस रांगेतल्या पायांमधून खेळत होतं.

चांदी बाजूला चरत होती. वारा फिरला आणि तिच्या नाकात तो वास शिरला. तिने मान वर केली. पलीकडचं गवत वाऱ्याच्या उलट बाजूला हलत होतं. रांगेतल्या एकाचंही तोंड तिकडे नव्हतं.

चांदी ओरडली. ती आजवर कधी ओरडली नव्हती, कारण आपला आवाज कुठवर जातो हे तिला कळायचंच नाही. तो आवाज फाटका निघाला, घोगरा, भसाडा. अख्ख्या जंगलात घुमला. रांग उधळली. जाऊबाई पळाली. पाडस आईच्या पोटाला चिकटून पळालं.

"भाऊजी, पळा!" चांदी मागे वळून म्हणाली.

दौलतरावांचे ओठ तिला स्पष्ट दिसले. ते म्हणत होते, "थांब गं. एकच चित्र राहिलंय."

संध्याकाळी जाऊबाई नदीकाठी नुसती बसून होती. चांदी तिला टेकून बसली. पाडस मध्ये झोपून गेलं.

पंचायतीने चौकशी केली. मोराचं म्हणणं पडलं, की दौलतरावांनी एक चौकोन चुकीचा निवडला होता. पाटीत दोष नव्हता. चांदीला मात्र यंत्रणेबाहेर ओरडल्याबद्दल समज देण्यात आली.

"वापरणाऱ्यांचे अभिप्राय काय आहेत?" हत्तींनी विचारलं.

"एकच आलाय, साहेब," कोल्हा म्हणाला. "पण पाच तारे आहेत! लिहिलंय, 'वापरायला अत्यंत सोपी. सगळे एका जागी, पाठमोरे, रांगेत उभे मिळतात. पाट्या वाढवाव्यात.'"

"कोणाचा आहे?"

"नाव दिलेलं नाही. पंजा उमटवलाय. चित्रं मात्र त्यांनी पहिल्या फटक्यात ओळखली."

हत्तींचे डोळे भरून आले. "पाहा," ते म्हणाले, "आणि लोक म्हणतात पाटी अवघड आहे!"

महिन्याभरात शेजारच्या जंगलाने पाटीला पुरस्कार दिला. मोराला मानचिन्ह, कोल्ह्याला शाल. चांदीला व्यासपीठावर उभं करून गळ्यात रानफुलांचा हार घातला. भाषणं झाली. सगळे बोलणारे समोर गर्दीकडे बघून बोलत होते. चांदीला त्यांच्या पाठी दिसत होत्या. तिने वाट पाहिली. मग तिने हाराला तोंड लावलं. फुलं ताजी होती. अर्धा हार खाऊन झाल्यावर तिला जाऊबाईची आठवण झाली. अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात असताना ती खाली उतरली आणि उरलेला अर्धा हार घेऊन नदीकडे चालू लागली.

अहवालात नोंद झाली, 'भावना अनावर झाल्याने लाभार्थी समारंभातून लवकर निघाल्या.'

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी तुम्ही एखादी वस्तू बनवलीत, तर ती कशी झाली हे अडचणीतल्या माणसाला विचारू नका. तो भलतंच सोपं काहीतरी सुचवतो. भुकेल्याला विचारा. तो थोडक्यात सांगतो आणि पाच तारे देतो.