चिठ्ठीशिवाय ब्लाउज नाही

पहिल्या भेटीत लीलाअक्कांनी माझं नाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं आणि निदान केलं, "डावा खांदा पाव इंच खाले शे. दप्तर एकाच खांदावर लेस ना?" मी विज्ञानाच्या शिस्तीत वाढलेली. घरी जाऊन टेप लावला. पाव इंचच होता.

साक्रीच्या पुढे, आठवडे बाजाराच्या एका गावात, अक्का ओसरीवर मशीन मांडून बायकांचे ब्लाउज शिवतात. माणसं त्यांना मापांनी लक्षात राहतात. मुख्याध्यापिका म्हणजे 'छत्तीस, पण माप देताना श्वास रोखते'. सरपंचांचं माप त्यांनी कधी घेतलं नाही, तरी 'मान आखूड' एवढी नोंद आहेच.

मी बाजाराच्या दिवशी त्या गावात गेले ती कर्करोगाच्या तपासणीची फिरती गाडी घेऊन. स्तन, तोंड, गर्भाशयाचं मुख, सगळी तपासणी गाडीतच, नर्सबाईंच्या हातून. योजनेत 'स्थानिक सहभाग' असं प्रकरण मी स्वतः लिहिलं होतं आणि त्यात सरपंच, शाळा, दूध डेअरी असे सगळे बसवले होते. पहिल्या दिवशी भाषणं उत्तम झाली. तपासणीला दोघी आल्या. त्यातली एक रेशन दुकान शोधत होती. पुढच्या खेपेलाही असंच झालं असतं, तर हे गाव गाडीच्या वेळापत्रकातून गळणार होतं.

अक्का समोरून सगळं पाहत होत्या. "भाषन आयकीसन बाया येतस का? बठ्ठ्या मना हातखालथून जातस. माले इचारं का तू?"

नव्हतं विचारलं. गावातली प्रत्येक बाई अक्कांच्या हाताखालून जाते, पण माझ्या प्रकरणात शिवणकाम हा शब्दच नव्हता.

लग्नसराई सुरू होती. तयार ब्लाउज ओसरीतल्या तारेवर लटकत होते. अक्कांनी खडूने पाटी लिहिली: 'चिठ्ठीशिवाय ब्लाउज नाही.' चिठ्ठी म्हणजे तपासणी झाल्याची, आमच्या गाडीतली.

"अक्का, ही सक्ती झाली," मी म्हणाले. "तपासणीला बाईची संमती लागते."

"सक्ती कसानी? शिस्त शे ती."

प्रत्यक्षात, नको म्हणणाऱ्या बाईलाही ब्लाउज मिळायचा. फक्त त्याआधी दोन कप चहा आणि तासभर बोलणी. बहुतेकींना गाडी सोयीची वाटली. पुढच्या बाजारी दहाच्या आत रांग लागली. माझाही एक ब्लाउज त्या तारेवर होता.

"तुनी चिठ्ठी?"

"अक्का, मी डॉक्टर आहे."

"मंग तुले वाट दखाडानी गरज नही. गाडी तठेच शे."

मी रांगेत उभी राहिले.

हळूहळू गाडीत न गेलेली बाई एकच उरली: स्वतः अक्का. कधी काजं करायची असत, कधी सुई तुटलेली असे. 'येत्या बाजारले' हे गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर त्या मलाही देऊ लागल्या.

तारेच्या टोकाला एक हिरवा ब्लाउज कायम असे. त्याची एकच बाजू उसवून सैल केलेली. दर बाजारी अक्का त्यावरची धूळ झटकताना दिसत. एकदा मी विचारलं, "हा कुणाचा?"

मशीन थांबलं.

"वत्सलाना. मनी नणंद. तिनी सांगं, एका बाजूनं सैल कर. मी करी दिनं. परत उनी, परत करी दिनं." त्यांनी टेप बोटाला गुंडाळला. "मापवाली मी. हातले समजनं होतं. इचारं नही."

वत्सलाताईंचा आजार कळला तेव्हा उपाय उरला नव्हता. ब्लाउज न्यायला त्या आल्याच नाहीत.

मी एवढंच विचारलं, "अक्का, तुमचं माप कोण घेतं?"

अक्कांनी टेप सोडवून गळ्यात टाकला. पुढच्या बाजारी त्या रांगेत शेवटी उभ्या होत्या. कुणाच्या खांद्यावर शेरा नाही, कुणाच्या मानेवर नाही. त्या गाडीतून बाहेर आल्या तेव्हा चिठ्ठी मुठीत चुरगळली होती. काही आढळलं नव्हतं.

ओसरीवर येऊन त्यांनी ती मांडीवर सरळ केली आणि टाचणीने हिरव्या ब्लाउजला लावली. मग नियमाप्रमाणे ब्लाउज तारेवरून उतरवून त्याची घडी घातली.

"उद्या मी नरडानाले जास. वत्सलानी पोर त्या गावले देल शे. हाऊ तिले देसू." माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "आनि गाडी तठे कधी येई, ते सांग."

मी वेळापत्रक उघडलं.