वरची प्रत आणि खालची प्रत

मंगळवार, ४ मार्च २०१४. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. हारमेन पोस्तमाच्या समोर चौकटी आखलेल्या कागदावर एकूण बावीस कृती लिहिलेल्या होत्या आणि त्यांतल्या तेरांपुढे त्याने शिसपेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. चौदावी कृती होती : 'वरच्या संगणकावरील प्रत काढून टाकणे.' पंधरावी होती : 'वरचा आणि खालचा संगणक यांमधील जोडणी बंद करणे.'

हारमेनने अडतीस वर्षे बांधालगतच्या पाणी-उपसा केंद्रावर नोकरी केली होती. आधी झडप बंद केल्याशिवाय त्याने एकदाही नळी सोडवली नव्हती. दुसऱ्या कोणी हा कागद त्याच्यापुढे ठेवला असता, तर चौदा आणि पंधरा यांचा क्रम उलटा आहे हे त्याने चहाचा कप खाली न ठेवता सांगितले असते. पण कागद त्याने स्वतः लिहिला होता, दोनदा तपासला होता, आणि स्वतः दोनदा तपासलेल्या गोष्टीवर अविश्वास दाखवण्याचे शिक्षण तंत्रविद्यालयात त्याला कोणी दिले नव्हते.

'आपली खात्री आहे का?' असे पडद्यावर आले. हारमेनने क्षणभर विचार केला. खात्री होती. त्याने बटण दाबले.

'१३८ नोंदी काढल्या,' असे संगणकाने कळवले. बरोबर दोन सेकंदांनी जिन्याखालून, स्वयंपाकघरातून, टिंग असा बारीक आवाज आला. वरचा प्रत्येक बदल खाली नीट पोहोचल्याची ती खूण होती. गेला महिनाभर तो आवाज ऐकला की हारमेनला बरे वाटत असे. आताही वाटले. खूण करायला त्याने पेन्सिल टेकवली, अर्धी रेघ ओढली, आणि पेन्सिल तिथेच थांबली.

तो खाली उतरला. स्वयंपाकघरातला पडदा कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ होता.

त्या १३८ नोंदी म्हणजे त्याच्या बायकोचा, रिन्स्केचा, जन्मभराचा गोतावळा होता. पूर्वी तो इतरांच्या घरी असतो तसाच संडासाच्या दारामागे, वाढदिवसांच्या कॅलेंडरवर टांगलेला असे. गावात कोण कोणाच्या किती जवळचे हे त्या कॅलेंडरवरून ठरे. ज्याचे नाव दारामागे आहे तो आपला, नाही तो ओळखीचा. पुढे कॅलेंडरचे समास भरले, तेव्हा हारमेनने सगळी नावे संगणकात घातली आणि दारामागे दर महिन्याचे एक छापील पान लावायची व्यवस्था केली. प्रत्येक नावापुढे रिन्स्केचा एक शेरा असे. शेजारच्या ग्रीतपुढे लिहिले होते : 'मुलाचा विषय आपण काढू नये. तिने काढला तर तासभर ऐकावे.' निवृत्त बेकरीवाल्या वोपकेपुढे : 'केक नको म्हणतो, दोनदा घेतो.' वारलेल्यांची नावेही तिने काढली नव्हती. त्यांच्या दिवशी ती कार्ड पाठवत नसे. फक्त कॉफी एक कप जास्त करी.

जानेवारीत रिन्स्केच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जिना बंद झाला. त्याच महिन्यात ती दोनदा किटली गॅसवर विसरली आणि एकदा औषधाच्या दुकानातून निघून उलट्या दिशेला चालत गेली. डॉक्टर म्हणाले, काळजीचे आहे असे नाही, पण एप्रिलमध्ये स्मरणशक्तीची चाचणी करून घेऊ. त्या दिवसापासून रिन्स्केने किटलीविषयी विनोद करणे सोडले. कार्डे मात्र ती एकही चुकवत नव्हती, आणि म्हणून हारमेनने ठरवले की नोंदींनीच तिच्याकडे खाली यावे.

एका संगणकावरची माहिती दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवत राहणारे एक सॉफ्टवेअर त्याने मिळवले. दोन्ही संगणकांत ते बसवायला चार दिवस लागले. जिन्याच्या कठड्याला दर पंधरा सेंटिमीटरवर खिळा ठोकून त्याने राखाडी वायर खाली आणली. सॉफ्टवेअर खाली न्यायला एक स्मृतिकांडी, म्हणजे पेनड्राइव्ह, हवी होती. घरात होती ती एकच, आणि तिच्यावर दर शनिवारी काढून ठेवलेली नोंदींची प्रत होती. हारमेनने वहीत लिहिले, 'एकाच्या दोन प्रती झाल्यावर तिसरीचे प्रयोजन नाही,' आणि कांडी पुसली.

व्यवस्था उत्तम चालली. जरा जास्तच उत्तम चालली. खाली रिन्स्के लिही ते वर दिसे, आणि वर हारमेन दुरुस्त करी ते खाली उमटे. दुरुस्ती त्याच्या अंगातच होती. रिन्स्केने एका भाच्यापुढे 'उंच मुलगा' असे लिहिले, तर हारमेनने वरून 'उंची १.९२ मीटर' असे केले. तिने 'आजी नव्वदीची, तरी सायकल' लिहिले, तर त्याने सत्त्याऐंशी केले. आपण हे करतो हे तिला सांगण्यासारखे आहे असे त्याला वाटले नव्हते. मग एका रात्री जेवताना रिन्स्केने काटा खाली ठेवला.

"हारमेन, आपणच लिहिलेलं आपल्यालाच परकं वाटतं, असं तुझं होतं का कधी?"

हारमेनने बटाट्याचे आणखी दोन तुकडे केले. खरे सांगून टाकायची तीच वेळ होती. पण तो म्हणाला की वयाने होते कधी कधी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हे सॉफ्टवेअर घरातून काढूनच टाकायचे आणि नोंदी फक्त खाली ठेवायच्या म्हणून, त्याने बावीस कृतींचा कागद लिहिला.

आता सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर त्याला एक वाक्य सापडले : 'माहिती दोन ठिकाणी उतरवणे म्हणजे माहिती जपून ठेवणे नव्हे. एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते.' ते त्याने तीनदा वाचले. त्यानंतर त्याने पंधरापासून बावीसपर्यंतच्या कृती पार पाडल्या, कारण काम अर्धवट सोडण्याची त्याला सवय नव्हती. शेवटी पडद्यावर आले, 'सॉफ्टवेअर यशस्वीरीत्या काढले.'

बाहेर फाटक वाजले. रिन्स्के गुडघ्याच्या व्यायामाहून परतली होती. हारमेन वही घेऊन संडासात शिरला आणि कडी लावली. दारामागे मार्चचे पान होते. बारा महिन्यांतला मार्च तेवढा वाचला होता. तो अकरा नावे उतरवून घेत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातली खुर्ची सरकल्याचे त्याने ऐकले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

साडेदहाला कॉफी झाली. या घरात कॉफीबरोबर एक बिस्किट मिळते, चाळीस वर्षे एकच मिळत आले आहे. आज रिन्स्केने बशीत दोन-दोन ठेवली. हारमेनने त्याचा अर्थ असा लावला की तिने अजून संगणक पाहिलेला नाही आणि तिचा दिवस चांगला चालला आहे. कॉफी संपताच रिन्स्के संडासात गेली आणि वीस मिनिटे बाहेर आली नाही. दुपारी शेरे आठवायला तो पुन्हा पंचवीस मिनिटे आत बसला. संध्याकाळी रिन्स्केने काही न विचारता त्याच्यापुढे तांदळाची पातळ पेज आणि कोरडा टोस्ट ठेवला. पोट तिचेच बिघडले आहे अशी हारमेनची समजूत झाली होती, म्हणून तिला सोबत व्हावी या हेतूने त्याने ती निमूट खाल्ली. दोन धडधाकट माणसे तीन दिवस पेजेवर राहिली.

उरलेली नावे मिळवायला हारमेनने सायकलींच्या खोपटात बसून फोन लावायला सुरुवात केली. त्याने पहिलाच फोन वोपकेला केला आणि वाढदिवस कधी असतो असे साधेपणाने विचारले.

"एकवीस वर्षं तुझ्या बायकोचं कार्ड येतंय मला," वोपके म्हणाला. "आणि तू आता तारीख विचारतोस. म्हणजे तुमच्या संडासातून मी उतरलो म्हणायचं."

तसे नाही, तो खात्री करून घेत होता, असे हारमेनने सांगितले. खात्री कशाची ते मात्र त्याला सांगता येईना. यातले रिन्स्केला काही कळू देऊ नकोस, एवढे बजावून त्याने फोन ठेवला. बुधवारी दुपारपर्यंत त्याला तेवीस तारखा मिळाल्या, चार माणसांनी तुटक उत्तरे दिली, आणि एका नात्यातल्या बाईने रडत विचारले की तिचे काय चुकले.

मग त्याने शेजारच्या ग्रीतला कुंपणापाशी गाठले. ग्रीतने कपडे वाळत घालणे थांबवले.

"सकाळी रिन्स्के आली होती," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या सुनेची तारीख विचारत होती, आणि आणखी दोघातिघांच्या. हारमेनला बोलू नको म्हणाली. आता तू माझी विचारतोयस, आणि रिन्स्केला बोलू नको म्हणतोयस. एका घराला किती कॅलेंडरं लागतात रे?"

हारमेनला एकच ऐकू आले होते : रिन्स्केला कळले आहे. कळले, आणि तिने त्याला सांगितले नाही. याचा अर्थ काय लावावा हे त्याला सुचेना, आणि जे सुचले ते त्याला आवडले नाही. ती त्याच्यावर इतकी रागावली असावी की बोलण्यासारखेही काही उरले नव्हते.

ग्रीतने मात्र अर्थ लावला, आणि गावाने तो गुरुवारपर्यंत पक्का केला. एका घरात दोन कॅलेंडरे म्हणजे दोन संडास, आणि दोन संडास म्हणजे दोन घरे. गुरुवारच्या पत्त्यांच्या डावाला हारमेन गेला, तेव्हा त्याच्या कपात तीनजणांनी साखर घातली. निघताना वोपके त्याला दाराबाहेर घेऊन आला आणि त्याच्या कोटाची कॉलर सारखी करत म्हणाला, "बेकरीवरची खोली रिकामी आहे. घाई नाही. गादी चांगली आहे."

वोपकेला आपल्याकडे जागा कमी आहे असे का वाटावे, हे हारमेनला कळले नाही. त्याने आभार मानले आणि वरच्या मजल्यावर आपले बरे चालले आहे असे सांगितले. वोपकेने मान हलवली आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

शुक्रवारी दुपारी ग्रीतने मागचे दार ढकलले. तिच्या दोन हातांत दोन पातेली होती. वाटाण्याचे सूप होते, घट्ट, सॉसेज घातलेले. तिने एक पातेले टेबलाच्या या टोकाला ठेवले आणि एक त्या टोकाला.

"हे तुझं, रिन्स्के. ते त्याचं. मी कुणाची बाजू घेणार नाही, तेवढं आताच सांगते. मला दोघं सारखे."

कसली बाजू, असे रिन्स्केने विचारले. ग्रीत खुर्चीवर बसली आणि तिने सगळे सांगितले : दोन याद्या, दोन शपथा, बेकरीवरची खोली. सांगता सांगता तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि तिचा आवाज उतरत गेला. शेवटी पातेली नंतर न्यायला येईन म्हणून ती उठली. जाताना तिने दार अगदी हळू ओढून घेतले.

सूप निवत होते. रिन्स्के टेबलावरच्या कापडाची कड दुमडत बसली होती.

"मी पुसलं ते, हारमेन," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी मीच शेवटची बसले होते त्याच्यापुढे. काय दाबलं ते आठवत नाही. आठवत नाही, तेच तर. तुला कळायच्या आत भरून काढू म्हटलं. एप्रिलला डॉक्टरांना सांगशील अशी भीती वाटली."

हारमेनने खिशातून चौकटीचा कागद काढला, घडी उलगडली, हाताने सपाट केला आणि तिच्यापुढे सरकवला.

"चौदावी वाच. मग पंधरावी."

रिन्स्केने चष्मा लावला. वाचायला तिला पाच सेकंदही लागले नाहीत.

"हे उलटं आहे."

"मी दोनदा तपासलं होतं."

"तरी उलटं आहे. जोडणी चालू ठेवून पुसलंस. वरचं गेलं तसं खालचं जाणारच." तिने कागद खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिले. "आणि तो एक पूर्णांक ब्याण्णव मीटर?"

"तोही मीच."

"आणि आजीची सत्त्याऐंशी वर्षं?"

"सत्त्याऐंशीच आहेत, रिन्स्के."

"म्हणजे ते माझं डोकं नव्हे."

"नव्हे."

"परत म्हण."

"तुझं डोकं नव्हे. माझं."

रिन्स्केने चष्मा काढला आणि एप्रनला पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा, कारण आता दोन्ही ओले होते. त्यानंतर ती हसू लागली. असे हसू या घरात नाताळच्या आधीपासून ऐकू आले नव्हते. तीन दिवस पेज का खाल्लीस, असे तिने विचारले. तू वाढलीस म्हणून, असे त्याने सांगितले. तिने दोन्ही पातेली एका मोठ्या भांड्यात ओतली आणि गॅस लावला. सूप गरम होईपर्यंत तो तिच्या खांद्यामागे उभा राहिला, आणि तिने त्याला दूर हो म्हटले नाही.

जेवण झाल्यावर हारमेनने त्याची वही आणली : खोपटातून फोनवर मिळवलेली एक्केचाळीस नावे, तक्रारींसह. रिन्स्केने कणकेच्या डब्यामागून शाळेच्या मुलांची असते तशी वही काढली. नावे महिन्यांप्रमाणे लावलेली होती, आणि प्रत्येकापुढे तारीख आणि शेरा होता. काही ओळी लाल होत्या, बाकीच्या निळ्या. दोन रंग कशाला, असे त्याने विचारले.

"लाल ते विचारून लिहिलेलं," ती म्हणाली. "निळं मंगळवारीच लिहून काढलं, तू आत बसला होतास तेव्हा आणि नंतर रात्री. कुणाला विचारायची लाज वाटत होती, म्हणून आधी डोक्यात होतं तेवढं उतरवलं."

हारमेनने पेन्सिल घेतली. रिन्स्के भांडी विसळत असताना तो पानामागून पान उलटत गेला. एकदा शेवटापर्यंत गेला, आणि पुन्हा पहिल्या पानावर येऊन परत सुरुवात केली. एप्रिलमध्ये डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्यायची, असे त्याने मनाशी ठरवले आणि शेवटच्या पानाखाली हिशेब लिहिला. लाल शाईत सात नावे होती. निळ्या शाईत, दोनदा मोजून, एकशे एकतीस.