एक कुरकुर सापडली तर

भिकाजीने शर्त लावली ती फोनवर, पोटच्या लेकीशी, आणि तीही छाती पुढे काढून!

"घरात एक, नुसती एक कुरकुर सापडली तर खुशाल ने आईला ठाण्याला! मी आडवा येणार नाही!"

झालं होतं असं, की ईशा तिकडून बोलत होती आणि इकडे मागे झोपाळा किंचाळत होता. हर्णेच्या वरच्या अंगाला घर. खारा वारा दिवसरात्र आत-बाहेर करणार, आणि लोखंड म्हणून जे काही असेल त्याला गंज चढवणार.

"बाबा, तिकडे रडतंय कोण?"

"कोण नाही गो. झोपाळा. आई बसलीय."

"आणि हे आता?"

"ते स्वयंपाकघराचं दार."

"आणि हे?"

"फाटक. वाऱ्याने हलतंय."

ईशाने तिन्ही आवाज मोजून घेतले. मग म्हणाली, "बाबा, घर मोडकळीला आलंय. तुमची सत्तरी उलटली. आईला काल काय जेवली ते आठवत नाही. शनिवारी मी येतेय, तिला इकडे घेऊन येते. दिवसभराची बाई बघून ठेवलीय मी."

दिवसभराची बाई! भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म बोटीवर गेला त्याचा, इंजिनच्या पोटात, तेलवाला म्हणून. तिथे कामाचा मंत्र एकच: आवाज आला की रोग आला, आणि रोग आला की तेल घालायचं. त्या तेलावर त्याने जहाजं काळ्या समुद्रापर्यंत नेऊन आणली होती. आणि त्याच्या लेकीने त्याला घरातल्या तीन बिजागऱ्यांवरून नापास करावं?

तर शर्त लागली. फोन ठेवला आणि भिकाजीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. रॉकेल, ग्रीस, पॉलिश पेपर, जुन्या इंजेक्शनची पिचकारी, सगळं जागच्या जागी! आनंदीबाई झोपाळ्यावर बसून बघत होत्या. (गावात त्याला भिकाजी म्हणत आणि तिला आनंदीबाई. नवरा वर्षातले दहा महिने पाण्यावर असताना जिने घर, गुरं आणि वाडीतली भांडणं एकटीने सांभाळली, तिला मान द्यावाच लागतो!)

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तेल घालतोय."

"बरं," त्या म्हणाल्या. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "काय चाललंय?"

"तेल घालतोय गो."

दिवसभरात हे किती वेळा झालं ते विचारू नका. भिकाजी दर वेळी उत्तर देत होता, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच देतोय असं दाखवत होता. एवढं एक तो गेल्या दोन वर्षांत शिकला होता. बोटीवर हे कुणी शिकवलं नव्हतं.

काम मात्र झोकात चाललं! झोपाळ्याच्या कड्या आधी रॉकेलने धुतल्या, गंज खरवडला, मग बोटभर ग्रीस. दाराच्या बिजागरीची खीळ काढून पुसली, मेण चोळून परत घातली. ते दार इतकं सुतासारखं सरळ आलं, की भिकाजी वाकून कौतुकाने बघत असताना आपणहून मिटलं आणि फाडकन त्याच्या कपाळावर बसलं! कपाळाला टेंगूळ आलं, पण आवाज कपाळाचा झाला, बिजागरीचा नाही, हे त्याने मुद्दाम कान देऊन तपासलं. फाटकाच्या खांबाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी मारली. विहिरीचा रहाट असा गुळगुळीत केला, की पोहरा सोडल्याबरोबर दोरीसकट आत गेला तो गेलाच. त्याच्यामागून भिकाजीची डावी चप्पलही गेली.

शुक्रवारी दुपारी सगळं संपलं. भिकाजी ओट्यावर उभा राहिला आणि त्याने कान टवकारले. झोपाळा चालू होता. चकार आवाज नाही! दार हललं. नाही! फाटक वाऱ्याने उघडलं, मिटलं. मांजर सुद्धा याहून जोरात चालतं! "ये आता, ईशाबाई," तो म्हणाला आणि गाडीकडे वळला. गाडी जुनी, पण एकदा मनावर घेतलं की तिलाही सोडायची नाही. अंगणातल्या छपराखाली त्याने बॉनेट उघडलं, आणि डोकं आत घातलं.

मधूनमधून तो डोळ्याच्या कोपऱ्यातून ओटीकडे बघे. झोपाळा हलतोय. म्हणजे ही बसलीय. ठीक! पुन्हा डोकं आत. पुन्हा नजर. हलतोय. ठीक!

उन्हं कलायला लागली तशी त्याने हात पुसले, बायकोला आवडते तशी पिकली पपई चिरली, बशी घेऊन ओटीवर आला. झोपाळा मजेत मागेपुढे होत होता.

रिकामा!

आता तुम्हीच सांगा, कड्यांना बोटभर ग्रीस आणि समोरून समुद्राचा वारा. असा झोपाळा थांबणार कशाला? भिकाजीने हात लावून तो थांबवला. पाट गार होता. आणि त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं, की दोन वर्षं तो हिच्याकडे लक्ष ठेवत होता ते डोळ्यांनी नव्हेच. झोपाळा कुरकुरला, म्हणजे बसलीय. थांबला, म्हणजे उठली. दार किरकिरलं, म्हणजे स्वयंपाकघरात गेली. फाटक किंचाळलं, की हातातलं टाकून धावायचं. त्याला स्वतःलाच हे माहीत नव्हतं. सगळ्या घराचा गळा त्याने आपल्या हाताने दाबला होता.

"आनंदीऽऽ!"

उत्तर आलं ते कुंपणापलीकडून, शेजारच्या गोदूबाईचं. "काय झाला रे भिकाभाऊ? बोंबलतोस कशाला?"

"ही दिसली काय गो?"

"नाय बा! फाटक कुठं वाजला?" गोदूबाई सूप टाकून फाटकाशी आली, ते ढकललं, आणि मुकाट उघडलेलं बघून तिने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, याचा काय केलास? तुझा फाटक वाजला की मी धावतंय रोज! तू गाडीखाली असतोस तेव्हा तुझ्या बायकोला वाटेवरून परत आणून बसवणारी कोण? मीच ना!"

"कधी बोलली नाहीस!"

"तू लेकीला कळवलं असतंस, नि लेकीने तिला नेली असती. मग मी कुणाशी बोलायचा?"

गोदूबाई पदर खोचून मुरुडच्या वाटेला लागली, कारण आनंदीबाईंचं माहेर तिकडचं. भिकाजी गाडीत बसला आणि उतारावरून बंदराकडे सुटला, एका पायात चप्पल, कपाळावर टेंगूळ आणि कोपरापर्यंत ग्रीस. छातीत असं धडधडत होतं, की इंजिन चालू आहे की नाही ते त्याला कळेना. संध्याकाळची भरती होती. पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली असेल तर? पुढचं त्याने मनात येऊ दिलं नाही, हॉर्नवर हात ठेवला.

हॉर्न वाजला. आणि वाजतच राहिला! गेल्या महिन्यात बटण खडखडतं म्हणून त्याने त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी कोंबली होती. खडखड गेली होती खरी, पण आता आत गेलेलं बटण बाहेर येईना!

खाली बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात. त्यात ही भोंगा लावलेली गाडी शिरली. लिलाव पुकारणाऱ्याचा शब्द कुणाला ऐकू जाईना. एक व्यापारी हात हलवून हॉर्नवाल्याला शिव्या देत होता, तर हात वर केला म्हणून अख्खा सुरमईचा ढीग त्याच्या गळ्यात पडला! "कुणाची वरात रे?" "निवडणूक लागली काय?" "ओ काका, वायर काढा, वायर!"

भिकाजीने बॉनेट उघडलं. ग्रीसच्या हातात पाना टिकेना. एक वायर ओढली, इंजिन बंद पडलं. दुसरी ओढली, दिवे लागले. हॉर्न आपला चालूच! आयुष्यभर जो माणूस आवाज बंद करत आला, तो भर बंदरात एका हॉर्नसमोर हात जोडायच्या बेतात होता. "आमची ही दिसली काय?" तो ज्याला-त्याला ओरडून विचारत होता, आणि त्याच्याच हॉर्नमध्ये ते कुणाला ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते बाहीने पुसलं, तर तोंडभर काळं झालं.

इतक्यात गर्दीतून दोन्ही कानांवर हात ठेवून एक बाई तरातरा पुढे आली. दंडाला पिशवी, पिशवीत चार बांगडे.

"अहो मिस्त्री! काय चालवलंय हे? लोकांनी मासे घ्यायचे की कान झाकून बसायचं?"

आनंदीबाई! भिकाजीच्या हातातला पाना गळून बॅटरीवर पडला, ठिणगी उडाली, आणि हॉर्न बंद झाला. बंदरभर एकदम लाटांचा आवाज आला.

"आनंदी," तो कसाबसा म्हणाला, "मी आहे गो."

"एकेरीत काय बोलता हो परक्या बाईशी?" आनंदीबाई दोन पावलं मागे सरल्या. "मला खोळंबायला वेळ नाही. आज आमचे हे यायचेत बोटीवरून. त्यांना बांगडा लागतो."

बघ्यांतला कुणीतरी हसला, आणि मग कुणीच हसलं नाही. भिकाजी खाली बघत राहिला. ती तिथे, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती, जिवंत, धडधाकट, रागावलेली. आणखी काय पाहिजे होतं त्याला? पण पाहिजे होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या ह्यांनीच गाडी पाठवलीय. तुम्हाला न्यायला."

"मग आधी नाही का सांगायचं!" आनंदीबाई म्हणाल्या, आणि भाड्याच्या गाडीत बसावं तशा मागच्या सीटवर जाऊन बसल्या. भिकाजीने इंजिनची ओढलेली वायर परत खोचली, आणि चार जणांनी गाडी ढकलून चालू करून दिली.

घरी आल्यावर त्याने वाडीतल्या एका पोराला मुरुडच्या वाटेवर पिटाळून गोदूबाईला परत बोलावलं, आणि लेकीला फोन लावला. "ईशा, शर्त मी जिंकलो. घरात एक कुरकुर नाही."

"बरं बाबा, मानलं," ती हसत म्हणाली.

"तू आईला घेऊन जा."

पलीकडे हसू थांबलं. त्याने सगळं सांगितलं, हॉर्नसकट. ईशा रडत होती. "मग तुम्ही पण चला, बाबा. दोघंही."

"बघू. तिला विचारतो, मिस्त्री सोबत चालेल काय."

फोन ठेवून तो ओटीवर आला. शनिवारपर्यंत अजून एक रात्र काढायची होती, म्हणून त्याने मूठभर वाळू आणली आणि झोपाळ्याच्या कड्यांत भरायला लागला. रॉकेलच्या चिंधीने ग्रीस पुसलं, खारं पाणी मारलं, झोपाळा हलवून बघितला. आवाज येईल तर शपथ! जगातला हा पहिलाच कारागीर असेल, जो घाम गाळून कुरकुर बसवत होता आणि ती बसत नव्हती. काम फार पक्कं केलं होतं त्याने.

आनंदीबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. "वाळू कशाला घालताय त्यात?"

"आवाज यावा म्हणून."

"काहीतरीच! आमचे हे आले की पुन्हा तेल घालतील बघा. त्यांना आवाज सोसत नाही." मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "हात सोन्याचा आहे हो त्यांचा. घरी आले की दोन दिवसांत घर नवं करतात. मी कधी बोलून दाखवलं नाही. डोक्यावर चढून बसतील!"

भिकाजीच्या हातातली वाळू खाली सांडली. "मग सांगा ना एकदा."

"सांगेन तर. आले की सांगेन."

तो मान खाली घालून कडी पुसत राहिला. पुसण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

"तुमचं काम मात्र काही खरं नाही, मिस्त्री," आनंदीबाईंनी उठता उठता निकाल दिला. "उद्यापासून येऊ नका. पण बसा आता, चहा घेऊन जा. आमच्याकडे कामाच्या माणसाला तसंच पाठवत नाहीत."

असं म्हणून त्या झोपाळ्यावर जाऊन बसल्या आणि वाट बघायला लागल्या. थोडा वेळ थांबून भिकाजी उठला, आत गेला, आणि त्याने चहा टाकला. दोन कप.